सुपर रेड अरोवाना: चिप आहे, सर्टिफिकेट आहे, मग अजून काय लागतं?

प्रश्न थोडक्यात असा: "नाशिकला नवीन फ्लॅटमध्ये राहायला जातोय. हॉलमध्ये अरोवाना हवाच, असा सासऱ्यांचा आग्रह आहे. मुंबईतल्या एका दुकानदाराने सहा इंची सुपर रेड दाखवलाय. माशाच्या अंगात ओळखीची चिप आहे, फार्मचं सर्टिफिकेट देतो म्हणतो. 'फार्म ब्रेड आहे, लायसन्स-बियसन्स काही लागत नाही' असं त्याचं म्हणणं. पण हा मासा संकटग्रस्त आहे असं वाचलं. मग तो दुकानात कसा? घेतला तर गुन्हा होतो का? घेऊन आपण माशाचं वाईट करतो की भलं? अमेरिकेतल्या मेव्हण्यालाही हवाय, तिकडे चालतो का?"

दुकानदाराचं अर्धं वाक्य खरं असू शकतं. मासा फार्मवर जन्मलेला असेलही. भारतात कायदेशीर मार्गाने येणारे आशियाई अरोवाना तसेच असतात. पण 'काही लागत नाही' हे २०२३ पर्यंत चाललं, आता चालत नाही. शोभिवंत माशांची आयात, क्वारंटाइन आणि त्यामागची कागदपत्रं यांत माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यावरून एकच सांगतो: या माशाच्या बाबतीत मासा आणि त्याचे कागद वेगळे काढता येत नाहीत. कागद जन्माच्या फार्मपासून तुमच्या नावापर्यंत सलग लागत असतील तर खुशाल घ्या. मध्ये कुठे एक जागा रिकामी असेल, तर मासा कितीही देखणा असो, दुकानातून हात हलवत बाहेर या.

आधी मासा कोणता ते पाहा. आपल्याकडे 'अरोवाना' नावाखाली दोन अगदी वेगळे मासे विकले जातात. बहुतेक घरांत आणि हॉटेलांच्या काउंटरवर असतो तो सिल्व्हर अरोवाना, दक्षिण अमेरिकेतला. त्याची पाठीवरची आणि पोटाखालची पराची पट्टी लांबलचक असते, जवळपास शेपटीपर्यंत जाऊन भिडते. अंग चपटं, पट्टीसारखं. आशियाई अरोवानाचं अंग जास्त भरीव, खवले मोठे, आणि पाठीवरचा पर आखूड, बराच मागे सुरू होणारा. सिल्व्हर अरोवाना सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं त्याला लागू नाही. आशियाई अरोवाना, म्हणजे सुपर रेड, क्रॉसबॅक गोल्डन, रेड टेल गोल्ड, ग्रीन या सगळ्या जाती-रंगांसकट, त्या यादीतल्या सगळ्यात कडक भागात, परिशिष्ट १ मध्ये आहे. एकाच प्रजातीचे हे रंगभेद. काही संशोधकांनी त्यांच्या वेगळ्या प्रजाती करायचा प्रयत्न केला होता, तो फारसा टिकला नाही. कायद्याच्या दृष्टीने सगळे एकच. म्यानमारच्या दक्षिणेकडचा, खवल्यांवर नक्षी असलेला अरोवाना नंतर स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदला गेला, तोसुद्धा त्याच नोंदीत धरला जातो. 'हा ग्रीन आहे, याला चालतं' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

जंगलातला हा मासा कमी का झाला, ते कळलं की नियम इतके कडक का हेही कळतं. मासा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाखो अंडी येतात. रोहू-कटल्याची तशी असतातही. अरोवाना मात्र एका वेळी जेमतेम काही डझन अंडी घालतो, आणि ती मोठी, गोटीएवढी असतात. नर ती तोंडात घेतो, पिल्लं स्वतंत्र पोहू लागेपर्यंत साधारण दीड-दोन महिने तोंडातच सांभाळतो. त्या काळात तो जवळपास काही खात नाही. पिल्लू वयात यायला तीन ते चार वर्षं लागतात. एवढ्या संथ गतीच्या माशाला पकडायची पद्धत काय होती? तोंडात पिल्लं असलेला नर पकडायचा आणि तोंड उघडून पिल्लं काढून घ्यायची. म्हणजे एका झटक्यात एका जोडीची त्या हंगामातली सगळी मेहनत संपली, आणि नर जगला तर नशीब.

सुपर रेडचं मूळ घर म्हणजे इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतानमधली कापुआस नदी आणि तिच्या वरच्या अंगाची सेंटारुम तळी. दलदलीतलं, पानं कुजून चहासारखं काळसर झालेलं, आम्लधर्मी पाणी. क्रॉसबॅक गोल्डन मलेशियाच्या द्वीपकल्पातला, पेराकमधल्या बुकित मेराह तलावाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. रेड टेल गोल्ड सुमात्राचा. ग्रीन सगळ्यात जास्त पसरलेला, थायलंड-कंबोडियापर्यंत. एके काळी स्थानिक लोक हा मासा साधा खाण्याचा मासा म्हणून पकडायचे, त्यातही काटे फार म्हणून नावाजलेला नव्हता. मोठे धातूसारखे खवले आणि ओठाच्या टोकाला दोन मिशा, यामुळे चिनी लोकांना त्यात ड्रॅगन दिसला आणि १९८० च्या दशकात पूर्व आशियातल्या श्रीमंत घरांत त्याची क्रेझ आली. आपल्याकडे त्याच वाटेने फेंगशुई आली, ती वास्तूत मिसळली, आणि 'घरावरचं संकट मासा स्वतःवर घेतो' ही समजूत रूढ झाली. सासऱ्यांशी वाद घालू नका, त्याने काही साध्य होत नाही. फक्त हे सांगा की हा मासा नीट ठेवला तर वीस वर्षं जगू शकतो, दोन फुटांपर्यंत वाढतो, आणि त्याला किमान सहा फूट लांब, अडीच फूट रुंद टाकी आणि जड झाकण लागतं, कारण तो उडी मारतो. हॉलची मापं काढल्यावर पुष्कळ वास्तुशास्त्र आपोआप मवाळ होतं.

आता नियम. इथे तीन वेगळ्या गोष्टी लोक एकमेकांत मिसळतात. पहिली, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेची तांबडी यादी. तिच्यात हा मासा 'संकटग्रस्त' गटात आहे. पण ती यादी म्हणजे शास्त्रज्ञांचं मूल्यमापन. ती कोणाला तुरुंगात पाठवत नाही. दुसरी, सायटीस, म्हणजे धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार. तो १९७५ मध्ये अमलात आला आणि आशियाई अरोवाना तेव्हापासून यादीत आहे. भारत १९७६ पासून सदस्य आहे. या कराराचा विषय एकच: वस्तू देशाची सीमा ओलांडते तो क्षण. घरात टाकीत काय आहे याच्याशी करार स्वतःहून काही करत नाही. तिसरी गोष्ट, आपला देशातला कायदा. तो बराच काळ परदेशी प्राण्यांबद्दल गप्प होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा, पण त्याच्या अनुसूच्या मुख्यतः भारतातल्या प्राण्यांच्या. परदेशी पोपट, इग्वाना किंवा अरोवाना विमानतळावर बेकायदा सापडला तर कस्टम कायदा लागायचा, आणि एकदा का तो शहरात शिरला की कोणाला विचारायचा अधिकार आहे हेच स्पष्ट नसायचं. जुने दुकानदार 'लायसन्स लागत नाही' म्हणतात ते या काळातल्या अनुभवावरून. त्यांच्या तरुणपणी ते खरंच होतं.

मधे एक टप्पा आला तो बऱ्याच जणांना आठवत असेल. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सूचना काढली: सायटीसच्या यादीतला परदेशी जिवंत प्राणी तुमच्याकडे असेल, तर सहा महिन्यांत स्वेच्छेने जाहीर करा, मूळ कागदपत्रं विचारणार नाही. ही मुदत पुढे मार्च २०२१ पर्यंत वाढवली. त्या वेळी ज्यांनी अर्ज केला त्यांच्या हातात त्याचा पुरावा आहे, आणि तो जपून ठेवण्यासारखा आहे. आता काही विक्रेते 'तेव्हाची नोंद आहे' म्हणत नंतर आलेले मासे त्या जुन्या कागदावर खपवतात. २०२० मध्ये जाहीर केलेला अरोवाना आज सहा इंची असूच शकत नाही. एवढा हिशेब कोणालाही जमेल.

खरा बदल २०२२ च्या दुरुस्तीने आला. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अनुसूच्या कमी करून चार केल्या, त्यातली चौथी सायटीसच्या यादीतल्या जिवांसाठी, आणि त्यासाठी कायद्यात एक अख्खं नवं प्रकरण घातलं. त्यातलं कलम ४९-एम तुमच्या कामाचं आहे. अनुसूची ४ मधला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो कळवायचा, नोंदवायचा. दुसऱ्याला दिला तर तेही कळवायचं. त्याला पिल्लं झाली तर तीही. नोंदणी सरसकट मिळत नाही. प्राणी कराराचा भंग करून आणलेला नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच प्रमाणपत्र. ही अट वाचायला साधी वाटते, पण सगळं ओझं ती तुमच्या कागदांवर टाकते. परिशिष्ट १ मधल्या प्राण्यांची पैदास करायची असेल तर वेगळा परवाना लागतो. आणि ओळखीची खूण बदलणं, खोडणं, काढून टाकणं यावर स्पष्ट बंदी आहे. अरोवानाच्या बाबतीत ओळखीची खूण म्हणजे ती चिप.

या कलमाखालची नियमावली २८ फेब्रुवारी २०२४ ला आली. ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना सहा महिने दिले होते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये संपले. आता नवीन प्राणी घेतला की ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. अर्ज परिवेश २.० या केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात ते कार्यालय नागपूरला आहे, पण त्यासाठी नागपूरला खेटे घालायची गरज नाही. माशाचा फोटो, चिपचा नंबर, कोणाकडून घेतला, बिल, आयातीच्या कागदांच्या प्रती हे हाताशी ठेवूनच अर्ज भरायला बसा. चिपचा नंबर टाइप करताना एक आकडा चुकला तर पुढे तो मासा कागदावर वेगळाच मासा होतो, आणि दुरुस्तीला मूळ अर्जापेक्षा जास्त वेळ लागतो.

मग परिशिष्ट १ मधला मासा दुकानात येतोच कसा? परिशिष्ट १ म्हणजे रानातून पकडलेल्या जिवाच्या व्यापारी देवाणघेवाणीला बंदी. पण करारात एक दार ठेवलेलं आहे: बंदिस्त जागेत, व्यापारासाठी पैदास केलेला परिशिष्ट १ चा प्राणी परिशिष्ट २ चा धरला जातो, म्हणजे निर्यात परवान्यावर त्याचा व्यापार चालतो. मात्र फार्मची सायटीसच्या सचिवालयाकडे नोंद हवी, आणि फार्मने रानातून आणलेल्या जोड्यांवरच काम न भागवता पुढची पिढी बंदिस्तीतच तयार करता येते हे दाखवायला हवं. ढोबळमानाने नातवंडांची पिढी विक्रीला. वयात यायला चार वर्षं धरली तर नुसत्या या अटीसाठी फार्मवाल्याला जवळपास दशकभर पैसा अडकवून बसावं लागतं. म्हणूनच हा धंदा सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियातल्या मोठ्या फार्म्सच्या हातात राहिला. तिथे मातीच्या तळ्यांत पैदासीचे मासे सोडतात, ठरावीक दिवसांनी जाळं लावतात, आणि ज्या नराचा गळा फुगलेला दिसेल त्याचं तोंड हलक्या हाताने उघडून पिल्लं काढतात. हीच ती रानातली जुनी पद्धत. फरक इतकाच की नर परत तळ्यात जातो आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिल्लं देतो.

पिल्लू पुरेसं मोठं झालं की पाठीच्या पराजवळच्या स्नायूत तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचतात. तिला बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की ती आपला नंबर सांगते, एवढंच तिचं काम. आता सर्रास वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या चिपचा नंबर पंधरा आकडी असतो. जुन्या काही चिपा दहा आकडी आणि वेगळ्या लहरींच्या असतात, त्या साध्या स्कॅनरला दिसत नाहीत. त्यामुळे स्कॅनर गप्प राहिला म्हणजे चिप नाहीच असं लगेच समजू नका, दुसरा स्कॅनर मागा. पण 'चिप आहे, स्कॅनर आज नाहीये' हे उत्तर मात्र स्वीकारू नका. एवढ्या किमतीचा मासा विकणाऱ्याकडे स्कॅनर नसेल तर तो विकायच्या तयारीत नाही.

चिपेसोबत एक चकचकीत सर्टिफिकेट मिळतं. त्यावर फार्मचं नाव, माशाचा रंगप्रकार, चिप नंबर, कधी सोनेरी शिक्का. ते बघून माणूस भारावतो. पण ते फार्मने स्वतः छापलेलं असतं. लग्नाच्या बाजारात मुलाकडच्यांनी स्वतःच लिहून आणलेल्या बायोडेटाइतकंच त्याचं वजन. खरा सरकारी कागद म्हणजे निर्यात करणाऱ्या देशाच्या सायटीस प्राधिकरणाने दिलेला निर्यात परवाना. तो अख्ख्या खेपेचा असतो, एका माशाचा नसतो. सोबतच्या यादीत सगळ्या माशांचे चिप नंबर असतात. त्यावर उगमाचं अक्षर असतं: नोंदणीकृत फार्मवर व्यापारासाठी पैदास केलेल्या परिशिष्ट १ च्या प्राण्यासाठी डी, रानातल्या प्राण्यासाठी डब्ल्यू. तुमच्या माशासाठी डी दिसायला हवा. परवान्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते, तेव्हा खेप भारतात उतरल्याची तारीख त्या मुदतीत बसते का हेही बघायचं. मूळ परवाना आयातदार आणि कस्टमकडे राहतो. तुम्हाला मिळणार ती छायाप्रत, आणि छायाप्रत मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

भारतात उतरताना आणखी कागद तयार होतात. जिवंत मासा आणायचा तर मत्स्यव्यवसाय विभागाची आरोग्यविषयक आयात परवानगी, क्वारंटाइन, कस्टमचं बिल ऑफ एंट्री, आणि सायटीसच्या प्राण्यासाठी वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोची तपासणी. यातलं एकही पान न दाखवता 'माझा माणूस बँकॉकहून घेऊन येतो' असं कोणी म्हणालं तर तो मासा पिशवीत ऑक्सिजन भरून, कपड्यांच्या बॅगेत दडवून आलेला आहे असं समजा. असे मासे विमानतळांवर पकडले जातात. न पकडलेल्यांपैकी किती जिवंत पोहोचतात याचा विचार करा. वाचलेले मासेही अनेकदा एक डोळा खाली ओघळलेले, खवले उडालेले, आतून संसर्ग घेऊन आलेले असतात आणि पहिल्या महिन्यात तुमच्या टाकीत जातात. स्वस्त मिळालेला अरोवाना बहुधा असा येतो.

तेव्हा दुकानात पुन्हा जाल तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मासा न बघता कागद मागा. आयातदाराचं नाव विचारा, निर्यात परवान्याची प्रत आणि चिपांची यादी बघा. मग मासा स्कॅन करायला सांगा आणि तुमच्या डोळ्यांसमोर आलेला नंबर यादीतल्या, सर्टिफिकेटवरच्या आणि बिलावरच्या नंबराशी आकडा-आकडा ताडून पाहा. जीएसटी बिलावर नुसतं 'फिश' किंवा 'अरोवाना' लिहून चालणार नाही, चिप नंबर लिहून घ्या. दुकानदाराने आयातदाराकडून घेतला असेल तर त्या व्यवहाराचं बिल आणि त्याच्या नावची नोंदणीसुद्धा बघायला हवी, कारण मधला ताबाही कायद्याला दिसायला हवा. ताबा बदलल्याची नोंद तो आणि तुम्ही दोघांनीही करायची आहे. हे सगळं ऐकून ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडून घेऊ नका. ज्याला यात नवल वाटत नाही, जो फाइल काढून समोर ठेवतो, तो दुकानदार चांगला. असे आहेत, कमी आहेत. कुर्ल्याच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास नुसता भाव विचारत फिरलात तर दोन्ही प्रकार तासाभरात भेटतील.

सुपर रेडबद्दल एक जाता जाता. सहा इंची पिल्लाचा लाल रंग तुम्हाला दिसणारच नाही. खरा सुपर रेड रंगायला वर्षं घेतो, तोवर तो हिरवट-सोनेरीच असतो, कल्ल्यांच्या कडा आणि पर तेवढे तांबूस. म्हणून या वयात बंजर रेडसारखा हलका प्रकार सुपर रेडच्या भावात देणं सोपं जातं. उलट एवढ्या लहान वयात मासा भडक लाल दिसत असेल तर दुकानातले गुलाबी-लाल दिवे बंद करायला सांगा. काही जण टाकीवर प्रखर दिवे तासन्‌तास लावून रंग चढवतात. हा भाग कायद्याचा नाही, पण परवान्याच्या यादीत प्रकार लिहिलेला असेल, तर इथेही कागदच कामी येतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न बहुतेकांचा असतो: आधीच घेतलेला मासा आहे, कागद काहीच नाहीत, मुदतही गेली. अशा वेळी लोक तीन चुकीच्या गोष्टी करायला निघतात. एक, जुन्या तारखेचं बिल बनवून घेणं. त्याने नोंद न केल्याच्या भानगडीत बनावट कागदाचा गुन्हा जोडला जातो. दोन, कोणाला तरी गुपचूप विकून टाकणं. म्हणजे ताब्याबरोबर बेकायदा हस्तांतरही आलं. तीन, आणि हे सगळ्यात वाईट, रात्री जाऊन तलावात सोडणं. २०१८ च्या पुरानंतर केरळच्या चालाकुडी नदीत अरापाइमा आणि ॲलिगेटर गार हे परदेशी मासे सापडले होते. ते तिथे कुठून आले हे सांगायला नको. आपल्या उजनीत टाकीतून सुटलेल्या सकर माशांनी मच्छीमारांची जाळी भरतात, ते अजून निस्तरतोय. माझा सल्ला: जे काही खरं आहे ते, म्हणजे कधी घेतला, कोणाकडून, पैसे कसे दिले, जुने तारखेसकट फोटो, सगळं एकत्र करा, वन्यजीव कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि उशिरा का होईना अर्ज करा. अधिकारी काय ठरवतील हे त्यांच्या हातात. मासा जप्त होऊ शकतो, कारवाईही होऊ शकते. तरीही स्वतः जाऊन सांगणारा आणि छाप्यात सापडणारा यांच्याकडे सारख्या नजरेने पाहिलं जात नाही, हा माझा अनुभव.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न, भलं की वाईट. फार्मचा मासा घेतल्याने रानातला मासा वाचतो, असं विक्रेते सांगतात. यात तथ्य आहे: चिपवाला, निरोगी, हवा तसा रंग देणारा मासा फार्मवर मिळत असताना दलदलीत जाऊन रानटी पिल्लं पकडण्यात पूर्वीइतका नफा राहिला नाही. पण यातून रानातला मासा परत वाढला असं म्हणायला मी तयार नाही. तांबड्या यादीतलं त्याचं स्थान सुधारलेलं नाही, आणि रानातला सुपर रेड दुर्मीळच आहे. कारण पकडणं हा त्याच्या संकटाचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे त्याचं घर. कालिमंतान आणि सुमात्रातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या, दलदली निचरा करून तिथे पाम तेलाच्या बागा झाल्या, कोरडी पडलेली पीट दुष्काळी वर्षांत महिनोन्‌महिने धुमसते. सायटीस त्याबद्दल काहीच करू शकत नाही, तो त्याचा विषयच नाही. आणि फार्मचे मासे नेऊन रानात सोडावेत म्हटलं तर तेही सरळ नाही. रंगासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले, वेगवेगळ्या नद्यांचे वंश मिसळलेले, तळ्यातले रोग बरोबर घेऊन जाणारे ते मासे मूळ नदीला उपकारक ठरतील याची खात्री नाही. माझं मत सांगायचं तर, नियमांनी अरोवानाचा बाजार व्यवस्थित सांभाळला, दलदल सांभाळली नाही. तुमच्या कायदेशीर खरेदीने रानातल्या माशाचं वाईट होत नाही. पण तिला संवर्धनाचं पुण्य लावू नका.

'नियमांनीच हा मासा महाग केला, बंदी नसती तर कोणी विचारलाही नसता' असाही एक मतप्रवाह आहे. अर्धा पटतो. चिप आणि प्रमाणपत्र हे पाहुण्यांना दाखवायचं भूषण झालं हे खरं. पण यादीत नसलेल्या सिल्व्हर अरोवानाचं काय होतं तेही बघा: पेरू-कोलंबियाच्या बाजूला नर मारून त्याच्या तोंडातली पिल्लं काढायची आणि ती टाकीच्या व्यापाराला विकायची, हे वर्षानुवर्षं चालत आलं. तिथे चिप नाही, परवाना नाही, किंमतही नाही, आणि नरही परत पाण्यात जात नाही. त्यामुळे सासऱ्यांना समजवताना 'मग सिल्व्हर घेऊ, कटकट नाही' असं म्हणालात, तर निदान तो आशियातल्या फार्मवर पैदास झालेला आहे का एवढं विचारा.

टाकीत दुसरं काही विदेशी ठेवायचा विचार असेल तर त्याचीही यादी आधी बघून घ्या. झेब्रा प्लेको सायटीसच्या २०२२ च्या पनामातल्या बैठकीत परिशिष्ट २ मध्ये गेला, अरापाइमा तिथे सुरुवातीपासून आहे, गोड्या पाण्यातल्या पोटामोट्रायगॉन स्टिंगरेही यादीत आल्या आहेत. समुद्री घोडा तर २००१ पासून आपल्याच वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरच्या टाकीत जागाच नाही.

मेव्हण्याचं उत्तर एका शब्दात: नाही. अमेरिकेने १९७६ मध्ये आशियाई अरोवानाला त्यांच्या स्वतःच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली घेतलं आणि तिथे फार्मचा, चिपवाला, परवानेवाला असा फरक हौशी माणसासाठी केला जात नाही. आणणं आणि विकणं दोन्हींवर फेडरल खटला होऊ शकतो, आणि झालेलेही आहेत. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने तर या वाटेला जाऊच नये. युरोप आणि ब्रिटनमध्ये चिप आणि विक्रीसाठीचं वेगळं प्रमाणपत्र घेऊन तो ठेवता येतो, सिंगापूरमध्ये तर उघड विकला जातो, पण तिथून भारतात किंवा अमेरिकेत येताना सोबत आणायचा झाला तर पुन्हा परवाना आलाच. मेव्हण्याला अरोवानाच हवा असेल तर ऑस्ट्रेलियातला जार्डिनी हा त्याच कुळातला मासा सायटीसमध्ये नाही. तो बराच भांडखोर असतो, टाकीत एकटाच ठेवावा लागतो, आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्यामुळे त्याने त्याच्या राज्याच्या मत्स्य-वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर आधी नाव शोधून मगच पैसे द्यावेत.